रिकामी मात्रा

मास्तर गाणं ऐकत नसत, त्यावर पाळत ठेवत. ते एक गाणं कुठेही वाजू लागलं, रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, समोरच्या गॅलरीतल्या मोबाइलवर, की त्यांच्या हातातलं काम थांबायचं आणि उजव्या हाताचं बोट वर जायचं. मुखडा जाऊ द्यायचे. पहिला अंतरा जाऊ द्यायचे. दुसरा अंतरा संपून गाणं मुखड्याकडे वळतं त्या जागी बोट खाडकन खाली यायचं. "सापडला!" असं म्हणून ते खिशातली वही काढायचे आणि ठिकाण, प्रसंग, कोण वाजवतंय ते लिहून ठेवायचे. चोर पकडल्याचा एवढा आनंद मी पोलिसांच्या चेहऱ्यावरही कधी पाहिलेला नाही.

ते गाणं तुम्हाला माहीत आहे. कॅसेटच्या काळातलं, गिटारवर हळूच सुरू होणारं. निघून जाणाऱ्या माणसाला एक बाई म्हणते, जायचं तर जा, पण जाण्याआधी काहीतरी बोल. शाळेच्या गॅदरिंगला कुणीतरी ते गायलेलं असतं, मामाच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेलं असतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते गाऊन आजही कितीतरी जण पोट भरतात, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात त्यांचा काही दोष नाही.

डोंबिवलीशेजारी कोपरला आमच्या इमारतीत मास्तर तळमजल्यावर एकटे राहायचे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. समुद्रकाठच्या एका ख्रिस्ती शेतकरी घरातले. चर्चच्या कॉयरमध्ये लहानपणीच पाच रेषांवरचं नोटेशन शिकलेले. त्या एका विद्येवर त्यांनी आयुष्य काढलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा होते तेव्हाची ही गोष्ट. नवीन कॅसेट बाजारात आली की ऑर्केस्ट्रावाले ती घेऊन मास्तरांच्या दारात यायचे. मास्तर ती पुन्हापुन्हा मागे नेऊन ऐकायचे, आणि अकॉर्डियन काय वाजवतंय, गिटार काय, बासरी कुठे शिरते, सगळं कागदावर उतरवून द्यायचे. आधी पेन्सिलीने, तिसऱ्यांदा ऐकल्यावर शाईने. पहिल्या दोन वेळा कान खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. आई बायकांच्या संघटनेचं काम करायची, त्यामुळे आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. प्रत्येक नवं पत्रक मी जिना उतरून मास्तरांना नेऊन द्यायचे. ते चष्मा लावून खालून वर वाचायला लागायचे.

"खाली लिहिलंय, समस्त नागरिक. समस्त नागरिक एकदम लिहायला बसलेले काय?"

"आईने लिहिलंय."

"मग आईचं नाव कुठाय?"

"मास्तर, नाव महत्त्वाचं नसतं. मागणी महत्त्वाची असते."

"ज्याचं नाव कापलं जात नाही, तो असं बोलतो गो," ते म्हणायचे. "माझं कापलेलं आहे. कात्रीने."

ही गंमत नव्हती. मास्तर नोटेशनच्या प्रत्येक पानाखाली सही करायचे. पुढे झेरॉक्सची दुकानं आली. एका ऑर्केस्ट्राने कागद न्यायचे, दुसऱ्या पाच जणांनी त्याच्या प्रती काढायच्या, आणि प्रत काढण्याआधी खालची सही कापून टाकायची. एकदा कल्याणच्या एका वादकाने मास्तरांचंच पान मास्तरांना दाखवलं आणि "हे मी उतरवलंय, जरा तपासून द्या," म्हणाला. अक्षर यांचं, खाडाखोड यांची. मास्तरांनी पान तपासलं, "छान आहे," म्हणाले आणि परत दिलं. त्या दिवसापासून त्यांनी सही कागदावर करणं सोडलं आणि गाण्यात करायला लागले.

म्हणजे काय, तर ते प्रत्येक गाण्यात एक चूक पेरायचे. छोटीशी, कानाला गोड लागणारी, मूळ गाण्यात नसलेली. तिला ते खूण म्हणायचे. कुठलाही ऑर्केस्ट्रा ते गाणं वाजवताना ती खूण वाजवू लागला, की समजायचं, याने कॅसेट ऐकलेली नाही, माझं पान चोरलंय. "सही कापता येते," मास्तर सांगायचे, "सूर कापायला कान लागतो. तो यांच्याकडे नाही."

ज्या गाण्याने पुढे एवढं रामायण केलं, त्यात त्यांनी खूण घातली ती त्या दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी. बाई म्हणते, "काहीतरी बोल." आणि संगीतकाराने तिथे एक मात्रा रिकामी ठेवली होती. सगळी वाद्यं बंद. एका ठोक्यापुरतं काहीच नाही. मग मुखडा. मास्तरांनी त्या रिकाम्या मात्रेत अकॉर्डियनचा एक सूर ठेवला, वरून खाली अलगद घसरणारा. रिकामी जागा खूण ठेवायला सोयीची, एवढाच त्यांचा विचार. वहीत त्या गाण्याच्या पहिल्या पानावर ती खूण लिहूनही ठेवली.

त्या वहीत मी त्या गाण्याचा सगळा प्रवास वाचलाय. ठाण्याचा ऑर्केस्ट्रा, गायिका नवखी, खूण आहे. कल्याणला वरात, ब्रास बँड, ट्रम्पेटवर खूण आहे. डोंबिवलीत शाळेचं गॅदरिंग, बाई पेटीवर, खूण आहे. हळदीला बेंजो पार्टी, गाणं दुप्पट वेगात, नाचणाऱ्यांना कळतही नाही की हे विरहाचं गाणं आहे, तरी खूण आहे. मग टीव्हीवरच्या स्पर्धेतली मुलगी. तिने तो सूर गळ्यातून काढला आणि परीक्षकांनी डोळे पुसले. मग रिमिक्स. मग निवडणुकीत रिक्षावर भोंगा लावून, उमेदवाराचं नाव घालून. प्रत्येक नोंदीपुढे बरोबरची टिक.

आणि सगळ्यात शेवटी, मूळ गायिका. कंपनीने ते गाणं तिच्याकडूनच नव्याने गाऊन घेतलं. साथीला बसलेले वादक मास्तरांच्या पानांवर वाढलेले. मोबाइलवर गाण्याचं नाव टाकलं की आता हेच येतं, आणि पुढे लिहिलेलं असतं, ओरिजिनल. मीच मास्तरांना ते ऐकवलं. बोट वर गेलं. दुसरा अंतरा संपला. बाई म्हणाली, "काहीतरी बोल," आणि तो सूर वरून खाली घसरत आला.

बोट खाली आलंच नाही. बराच वेळ तसंच वर राहिलं.

मी तर पेटलेले. घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा, "तुमच्या लाडक्या गाण्यातला सर्वांत गोड सूर कुणाचा?" खाली कंपनीला तीन सवाल आणि एक मागणी: मास्तरांचं नाव गाण्यावर आलंच पाहिजे. तळाशी माझं अख्खं नाव घातलेलं, समस्त नागरिक नाही. कागद घेऊन तीन मजले धावत उतरले. मास्तरांनी नेहमीप्रमाणे खालून वर वाचलं आणि त्याची नीट चौपदरी घडी घातली.

"हे छापू नकोस."

"का? घाबरता?"

"चोर मीच आहे गो."

मला कळेना. ते म्हणाले, "गाण्यातला तो माणूस उत्तर देत नाही. ती विचारते, आणि तो देत नाही. एक मात्रा जाते. त्यासाठी गाणं केलेलं. मी तिथे सूर घातला, आता सगळ्यांना वाटतं त्याने काहीतरी सांगितलं. हळू आवाजात, गोड असं. म्हणून ते लग्नात वाजवतात. संगीतकार गेला बिचारा, त्याला विचारणार कोण? मी चोर पकडायला सापळा लावला, त्यात त्याचं गाणं मेलं."

खरं सांगते, त्या क्षणी मला मास्तरांचाच संशय आला. इतकी वर्षं जगाला चोर म्हणणारा माणूस आज स्वतःला म्हणतोय, म्हणजे यातही त्याचा मोठेपणा असणारच. एवढ्या गाजलेल्या गाण्यातली सर्वांत प्रसिद्ध जागा आपण घातली, हे पटवायचा यापेक्षा चांगला मार्ग कुठला? मी सरळ विचारलं, "मूळ कॅसेट दाखवा."

त्यांनी कपाटातून काढली. लावली. दुसरा अंतरा नीट आला, बाई "काहीतरी..." म्हणाली, आणि पुढे आवाज चिरकला, खरखरला, पाण्यात बुडाल्यासारखा झाला आणि एकदम मुखड्यात वर आला. खूण बसवताना तीच जागा शंभरदा मागे नेऊन फीत तिथेच झिजलेली. वर सेलोटेपचा जोड.

"म्हणजे पुरावा नाही," मी म्हणाले.

"नाही," मास्तर खूश झाले. "शाब्बास. आता शिकलीस. माझ्यावर पण ठेवू नकोस विश्वास."

मी ती कॅसेट शोधत कल्याणच्या जुन्या बाजारात फिरले, ठाण्यात फिरले. दोन ठिकाणी कव्हर मिळालं. आत दुसरीच कॅसेट. एका दुकानदाराने तर मला वेड्यात काढलं. "मॅडम, मोबाइलवर ओरिजिनल आहे ना फुकट!" मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला विचारायचं, कुणाचं ओरिजिनल?"

याच सुमारास त्यांचे कान जायला लागले. डावा आधीच गेलेला, आता उजवा. त्यांच्या मुलीने वसईहून कानाचं यंत्र पाठवलं, ते डबीतच राहिलं. "यंत्र काय ऐकवतं ते यंत्रालाच माहीत." पण एक दिवस जिन्यात थांबवून त्यांनी मला सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात कसलाही खवचटपणा नव्हता. "मला ते गाणं एकदा बरोबर ऐकायचंय. रिकाम्या मात्रेसकट. कान आहेत तोवर."

"मग तुम्हीच वाजवा ना. अकॉर्डियन आहे घरात."

त्यांनी माझ्यासमोर वाजवलं. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी बोटं आपोआप तो सूर घेऊन घसरली. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी जबरदस्तीने बोटं उचलली, तर मात्राच चुकली, दीड झाली की दोन. "बघ," ते म्हणाले, "माझे हात पण त्यांच्यात सामील आहेत."

तेव्हा ठाण्यात त्या मूळ गायिकेचा दुपारचा कार्यक्रम होता. मी हट्टाने मास्तरांना घेऊन गेले. मध्यंतरात आत शिरलो. बाई चांगल्या होत्या, खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजात. आज फक्त एकदा तो सूर गाळून गा, एवढीच विनंती. बाई हसल्या.

"अगं, तिथे पहिल्यापासून तो सूर आहे. मीच गायलेय ना ते? मला नाही आठवणार?"

"तुमचा पहिला टेक आठवून बघा ना, बाई," मी म्हणाले. "तुम्ही तिथे थांबला होतात."

"काका," त्या मास्तरांकडे वळल्या, "तुम्ही फारच मनाला लावून घेतलंय हो."

मास्तरांनी चहा संपवला, नमस्कार केला. बाहेर आल्यावर मी त्या बाईला खोटारडी म्हणाले, तर मास्तर माझ्यावर डाफरले. "खोटं नाही बोलत ती. तिला तसंच आठवतंय. माझी खूण तिच्या आठवणीत शिरली. अजून कुठे शिरायची बाकी आहे, देव जाणे." थोडं पुढे जाऊन थांबले. "माझ्याच डोक्यात शिरली असेल काय? नसेलच कधी तिथे मोकळी जागा?"

मास्तरांना स्वतःवर शंका घेताना मी तेव्हा पाहिलं, आणि मला ते बघवलं नाही.

दिवा स्टेशनजवळच्या एका वस्तीत पाण्यासाठी बायकांचं आंदोलन चाललेलं. मोर्च्याला गाणं हवं म्हणून मी त्याच चालीवर शब्द लिहिले होते, कारण ती चाल सगळ्यांना येते. पाणी कधी येणार ते पाणीखात्याच्या साहेबांना विचारायचं, आणि ओळीच्या शेवटी म्हणायचं, "आता तरी बोला." पुढच्या त्या सुरावर मी शब्द बसवलेला, "उद्या!" बायका तो शब्द असा काही ओढायच्या की हसून पुरेवाट. सगळ्या गाण्यातला तोच शब्द मला सर्वांत आवडायचा.

तालमीला मास्तरांना घेऊन गेले. आमच्या पुढारी छायाताईंच्या घरासमोर, कळश्यांच्या रांगेशेजारी. मास्तर उजवा कान पुढे करून ऐकत होते. "उद्या" आला आणि त्यांनी हात वर केला.

"हा शब्द काढा."

"का हो?" छायाताई म्हणाल्या. "तिथेच तर मजाय, मास्तर!"

"साहेब उद्या म्हणाले काय तुम्हाला?"

"कसलं उद्या! तीन अर्ज दिलेत. उत्तर सोडा, वर बघत पण नाही मेला."

"मग त्याच्या तोंडात उत्तर घालता कशाला?"

छायाताईंनी माझ्याकडे बघितलं. मला राग आला, मास्तरांचा नाही, त्यांचं बरोबर होतं याचा. पत्रकात एक शब्द खोटा नको म्हणून आईशी भांडणारी मी, इथे टाळीसाठी एक अख्खं उत्तर बनवून दिलेलं. मी शब्द काढला.

पण काढून काय उपयोग! गळ्यांना सवय. कुणी "उद्या" म्हणायची, कुणी नुसताच तो सूर गुणगुणायची, कुणी चुकले म्हणून हसायची. "रिकामं ठेवलं की विसरल्यासारखं वाटतं गं," एक म्हणाली. चार दिवस तालीम झाली. एकदाही ती मात्रा रिकामी गेली नाही. मास्तर रोज यायचे, रोज बोट वर करून बसायचे, आणि रोज तसेच परत जायचे.

मोर्च्याच्या दिवशी सकाळी अकरापासून आम्ही कार्यालयाच्या पायऱ्यांसमोर बसलेलो. गाणं दोनदा म्हणून झालं, दोन्ही वेळा तो सूर आलाच. तिसऱ्यांदा सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्यावर साहेब स्वतः बाहेर आले. पायरीवर उभे राहिले. सत्तर-ऐंशी बायका, सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे. "आता तरी बोला," म्हणाल्या, आणि थांबल्या.

कुणी ठरवलं नव्हतं. त्यांना खरंच ऐकायचं होतं. साहेबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या शांततेत मागे कुणाची तरी बांगडी कळशीवर वाजलेली मला अजून आठवते. मग सगळ्यांनी एकदम मुखडा धरला.

मी मास्तरांकडे पाहिलं. बोट खाली आलेलं.

"ऐकू आलं?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"एक," मास्तर म्हणाले. "बरोबर एक मात्रा." आणि खिशातली वही काढली. मला वाटलं नोंद करतील. त्यांनी त्या गाण्याच्या पहिल्या पानावरची खूण शाईने खोडली आणि वही माझ्या हातात दिली. पेन्सिलीने नाही. शाईने.

काही महिन्यांनी मुलगी त्यांना वसईला घेऊन गेली. निघताना त्यांनी आमच्या दारावरचं नवं पत्रक खालून वर वाचलं, तळाशी माझं नाव होतं. "हां," एवढंच म्हणाले. वसईलाच ते गेले. मला कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

माझा संशय अजून फिटलेला नाही. मूळ गाण्यात ती मात्रा रिकामी होती, याला आजही पुरावा नाही. बायका त्या दिवशी थांबल्या त्या साहेबांसाठी, संगीतकारासाठी नव्हे. मास्तरांना मी हे तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी मला पुन्हा शाब्बास म्हटलं असतं.

दिव्यात पाणी अजून नीट येत नाही. बायका अजून ते गाणं म्हणतात, आणि आता तिथे थांबतात, सवयीने. मागच्या आठवड्यात छायाताईंच्या मुलीने त्याचा व्हिडिओ टाकला. खाली एका अनोळखी माणसाने लिहिलं होतं: "ताई, छान. पण तिथला सर्वांत गोड सूर विसरलात. एकदा ओरिजिनल ऐका."

मी उत्तर लिहायला बसले. पत्रकाएवढं लांब झालं. कॅसेट, कात्री, खूण, कंपनी, मास्तरांचं अख्खं नाव, सगळं त्यात होतं. पाठवायच्या आधी सवयीने खालून वर वाचलं.

मग सगळं पुसलं, आणि त्याच्या वाक्याखालची जागा तशीच रिकामी ठेवली.